शंभरावी प्रत

२० सप्टेंबर १९९९, सोमवार

पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठाचं प्रूफ आज माझ्या टेबलावर आलं. वर सूर्य, खाली समुद्र, मध्ये सोनेरी अक्षरांत 'नव्या शतकात स्वागत - २०००'. अक्षरं सुबक आहेत. काना-मात्रेची एकही चूक नाही. फक्त वाक्य चूक आहे.

आमच्या छापखान्याची रीत अशी की प्रत्येक पान मी दोनदा तपासतो, खालच्या कोपऱ्यात 'छापा' लिहून सही करतो आणि मगच ते यंत्रावर चढतं. सोळा वर्षांत एकही पान माझ्या सहीशिवाय गेलेलं नाही. आज पेन टेकवलं, 'छा' लिहिलं आणि थांबलो.

मालकांकडे गेलो. म्हटलं, "हे शतक अजून सव्वा वर्ष चालणार आहे. शून्य नावाचं वर्ष कधी नव्हतंच. पहिलं शतक एक ते शंभर, दुसरं एकशे एकपासून. त्याच हिशेबाने विसावं शतक दोन हजार साल संपल्यावर संपेल."

मालक हिशेबाला पक्के. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पंडित, तुमचं बरोबर आहे. पण गिऱ्हाईक बरोबर नसतं हो, गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतं."

मी म्हटलं, "आपण शंभर प्रतींचा गठ्ठा बांधतो. नव्व्याण्णव प्रती झाल्या की सुतळी आवळतो का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. सही करा."

मी केली नाही.

२२ सप्टेंबर, बुधवार

मालकांनी मुखपृष्ठावर स्वतः सही केली. मशीनवर नाना असतात. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "मास्तर, एक सांगा. गाडीच्या मीटरवर एक हजार नऊशे नव्व्याण्णवचे दोन हजार होतात तेव्हा चारही आकडे फिरतात. बघायला मजा येते. दोन हजारचे दोन हजार एक होताना एकच आकडा हलतो. तुमचं ते एक बघायला कोण कुत्रं येणार?"

बांधणीतल्या बायकाही हसल्या. मीही हसलो. मग नाना म्हणाले, "आणि मूल जन्मल्या जन्मल्या एक वर्षाचं असतं का? शून्यच असतं की!"

हे मात्र मला अडलं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. शेवटी उत्तर सापडलं : वय म्हणजे पूर्ण झालेली वर्षं, सन म्हणजे चालू असलेलं वर्ष. मूल पहिल्या दिवसापासून आपल्या पहिल्या वर्षातच असतं. उद्या नानांना सांगायला हवं.

आणि लगेच वाटलं, हे मी सत्यासाठी करतोय की कुणीतरी माझ्याशी दहा मिनिटं बोलावं म्हणून?

बिनसहीचं 'छा' वालं पुठ्ठ्याचं प्रूफ घरी आणलं. माझ्या लिहिण्याच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. चार घड्या घालून त्याच्याखाली सारलं. चला, शतकाचा काहीतरी उपयोग झाला.

१७ नोव्हेंबर, बुधवार

कॅलेंडरची पहिली प्रत हातात आली. दर वर्षीप्रमाणे ती बायकोला टपालाने पाठवली.

हे कुणी वाचणार नाही, तरी स्पष्ट लिहून ठेवतो. अडीच वर्षांपूर्वी तिला समुद्राकाठच्या गावात इस्पितळाच्या मेट्रनची जागा मिळाली. बसने सहा तास. ठरलं असं होतं की ती पुढे जाईल आणि मी तीन महिन्यांत मागून जाईन. मी म्हटलं, 'हे कॅलेंडर हातावेगळं झालं की येतो.' ते झालं. मग पुढच्याची जुळणी सुरू झाली. पुन्हा तेच म्हटलं. मागे एकदा फोनवर ती म्हणाली, "तुझी कॅलेंडरं कधी संपतात रे?" मला वाटलं ती विक्रीबद्दल विचारतेय. मी म्हटलं, "डिसेंबरअखेर."

आमच्या धंद्यात माणूस नेहमी पुढच्या वर्षात राहतो. चालू वर्षात काय चाललंय याकडे लक्ष राहत नाही. ही सबब आहे, हेही लिहून ठेवतो.

पाठवण्याआधी मुखपृष्ठावर लाल पेनाने 'शतकात' खोडून बाजूला 'वर्षात' लिहिलं. समासात खूणही केली, रीतसर. निदान एका घरात तरी बरोबर प्रत असावी.

९ डिसेंबर, गुरुवार

तिचं पत्र आलं. तिची पत्रं नर्सच्या नोंदींसारखी असतात, एक शब्द जास्त नाही.

'कॅलेंडर मिळालं. तुझी लाल दुरुस्ती पाहून खूप हसले. ते खाटेसमोर टांगलंय. आता एक सांगते, ते नीट वाच. वाट बघायचा मला कंटाळा आलाय. नवं शतक लागायच्या आत काय ते ठरव. इकडे ये, नाहीतर येणार नाही असं सांग. नव्या शतकात मी वाट बघणार नाही. पुन्हा आठवण करणार नाही.'

दोनदा वाचलं. एक वर्ष आणि बावीस दिवस आहेत. मुदत बरीच दिली तिने. तेवढ्यात २००० चं सगळं काम संपेल, २००१ चंही छापून होईल.

१ जानेवारी २०००, शनिवार

काल सगळं गाव रस्त्यावर होतं. मी ठरवलं होतं, नेहमीसारखं साडेनऊला झोपायचं. चूक गोष्ट साजरी करायची नाही म्हणजे नाही. एक अंडं उकडलं, पाव खाल्ला.

आठच्या सुमाराला फोन वाजला. तीच होती. मागे इस्पितळातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी पिपाणी वाजवत होतं.

"काय करतोयस?"

"काही नाही. झोपायची तयारी."

"आज?"

"माझ्या दृष्टीने साधा शुक्रवार आहे."

ती हसली. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. लांबच्या फोनवर गप्प बसणं महाग पडतं, हे माझ्या मनात येऊन गेलं.

"बरं, झोप मग," ती म्हणाली. "सहज केला होता."

झोप लागली नाही. खाली लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. खिडकी लावून घेतली, तरी ऐकू येतच होतं. सगळं जग चुकीच्या दिवशी एकत्र होतं आणि मी बरोबर दिवसाची वाट बघत एकटा. बरोबर असण्यात ऊब नसते, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

९ जानेवारी, रविवार

ताई आली होती. माझी मोठी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. डबा घेऊन येते आणि मला उपाशी धरून चालते. बोलता बोलता मी तिला ते पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, अजून जवळजवळ वर्ष आहे.

ताईच्या हातातला चमचा तसाच राहिला. "काय आहे?"

"वर्ष. नवं शतक दोन हजार एकला..."

"अरे मूर्खा!" ताई म्हणाली. "बाई तुला सांगते नवं शतक लागायच्या आत ये, आणि तू शून्य वर्ष काढून बसलास? अख्ख्या जगाचं शतक परवाच लागलं. तिने फोन केला होता म्हणतोस ना त्या दिवशी?"

"सहज केला होता."

"सहज!" ताईने कपाळावर हात मारला. "शेवटच्या दिवशी, शेवटच्या चार तासांत बायको सहज फोन करते होय रे? कानाला फोन लावून वाट बघत असेल, हा आता म्हणेल, मग म्हणेल. आणि तू काय म्हणालास? साधा शुक्रवार!"

फोनवर बायको गप्प झाली होती, ते आठवलं. मी पैसे मोजत होतो, तेही आठवलं.

जाताना ताईने दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती असं कधी करत नाही. त्यावरून कळलं की प्रकरण खरंच संपलं.

१० जानेवारी, सोमवार

पत्राचा मसुदा केला : 'माझा हिशेब वेगळा होता.' खोडला. याचा अर्थ चूक तिची होती असा होतो. दुसरा : 'मला मुदत कळली नाही.' हे खोटं आहे, कळली होती. तिसरा : 'अजून वेळ देशील का?' मुदत उलटून गेल्यावर ती वाढवून मागणं बरं नव्हे. आणि वाढवून घेऊन मी काय करणार? पहिले पाढे पंचावन्न.

एक लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वाईट वाटलं, त्याच्या तळाशी थोडं हलकंही वाटलं. आता काही ठरवायचं राहिलं नाही.

मसुदे फाडले. पाठवलं काहीच नाही.

४ मार्च, शनिवार

तिचं कार्ड आलं. मला वाटलं होतं, आता पत्र येईल ते वकिलाचं.

'इथल्या एका दुकानाच्या कॅलेंडरात फेब्रुवारी अठ्ठाविसालाच संपला होता. तुझ्यात बरोबर एकोणतीस. वॉर्डात सगळ्यांना दाखवलं. वर्ष एका दिवसाने लांबलं, बरं झालं.'

एकोणतीस तारीख मी तीन वेळा तपासली होती. शतकाच्या शेवटच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप, एकोणीसशेला गेला नव्हता, दोन हजारला जातो. कौतुक केलं याचा आनंद झाला. 'बरं झालं' मात्र समजलं नाही. इस्पितळात एक दिवस वाढणं म्हणजे कामच वाढणं. कदाचित उपरोधाने लिहिलं असेल.

सभ्य बाई आहे. नातं संपलं तरी ओळख ठेवून आहे.

११ जून, रविवार

तीन महिन्यांत लिहिण्यासारखं काही झालं नाही. २००१ च्या पानांची जुळणी सुरू झाली. छापखान्यात मला आता 'शून्यपंडित' म्हणतात. मी ओ देतो.

आज घरी दिवसभर कुणाशी बोललो नाही. संध्याकाळी दुकानात 'दोन पाव' म्हणालो तर आवाज घोगरा निघाला, दुकानदाराने विचारलं, "सर्दी झालीय का?" हो म्हटलं. त्याने आल्याची वडी फुकट दिली. खोटं बोलून वडी खाल्ली.

२२ ऑगस्ट, मंगळवार

तिचं पत्र, चार ओळींचं.

'नवी खोली घेतली, इस्पितळाच्या मागे. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. खिडकी साडेतीन फूट रुंद आहे. तुझं लिहायचं टेबल तिच्याखाली बसेल का? मोजून कळव.'

टेबल आमच्या लग्नानंतर घेतलं होतं, दोघांच्या पैशांनी. अर्धं तिचं आहे, हे खरंच आहे. वाटणीची भाषा न काढता तिने ते मागितलं, यात तिचा मोठेपणा दिसतो. टेप घेऊन मोजलं : लांबी तीन फूट चार इंच, रुंदी एक फूट दहा, उंची अडीच फूट. कळवलं. शेवटी लिहिलं, 'तुला हवं असेल तर आनंदाने ने.'

'आनंदाने' वर बराच विचार केला. ठेवला.

६ सप्टेंबर, बुधवार

उत्तर आलं. 'बसेल. पाठवलंस तरी चालेल, आणलंस तर उत्तम. घाई नाही, वर्ष संपायच्या आत.'

वाक्यात जे आधी येतं तेच माणसाला खरं हवं असतं, हा माझा अनुभव आहे. 'पाठवलंस तरी चालेल' आधी आहे. 'आणलंस तर उत्तम' हा शिष्टाचार. कुणाला तोंडावर 'तू येऊ नकोस' म्हणता येत नाही.

ताईला दाखवलं नाही. ती पुन्हा खांद्यावर हात ठेवील.

५ ऑक्टोबर, गुरुवार

२००१ चं मुखपृष्ठ आलं. सूर्य तोच, समुद्र तोच, फक्त सोनेरी अक्षरं चंदेरी झालीत : 'खऱ्या नव्या शतकात स्वागत'.

मी मालकांकडे बघतच राहिलो.

"पंडित, बघता काय? तुमचंच म्हणणं छापलंय."

"मग मागच्या वर्षीचं?"

"तेही खपलं. हेही खपेल. शतक एकच, कॅलेंडरं दोन. तुमच्यामुळे सुचलं, तुम्हाला चहा माझ्याकडून."

नाना म्हणाले, "मास्तर, जिंकलात की! आता करा सही."

सही केली. वर्षभर जे सिद्ध करत होतो ते चंदेरी अक्षरांत समोर होतं आणि मला काहीही वाटलं नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझ्या वाट्याला नवव्याचीही संध्याकाळच आली. नानांनी विचारलं, "चेहरा असा का?" मी म्हटलं, "शाई हलकी वाटते." त्यांनी बिचाऱ्यांनी खरंच शाई वाढवली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

पहिली प्रत हातात आली. पाकिटावर तिचा पत्ता लिहिला. मग वाटलं, कोणत्या नात्याने पाठवायची? प्रत पाकिटासकट कपाटात ठेवली.

१४ डिसेंबर, गुरुवार

टेबल आज गेलं. सामान वाहणाऱ्याने दोघांना आणलं होतं. ते त्यांनी जिन्यातून तिरकं उतरवलं, भिंतीला एक चरा पडला. "साहेब, माणूस नाही चाललं बरोबर? उतरवून घ्यायला?" त्याने विचारलं. म्हटलं, "तिथे आहे माणूस."

टेबलाच्या जागी फरशीवर चार खुणा राहिल्यात आणि एका खुणेपाशी ती चार घड्यांची पुठ्ठ्याची पट्टी. टाकवली नाही. दैनंदिनीत खूण म्हणून घातली. हे मी इस्त्रीच्या फळीवर लिहितोय. अक्षर वाकडं येतंय.

३० डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी निघता निघता कार्ड आलं.

'टेबल मंगळवारी पोचलं. खिडकीखाली बसलं, दोन इंच जागा उरली. डुगडुगतंय. पायाखालची घडी तिकडेच राहिली वाटतं, येताना आण. आणि या वर्षी पहिली प्रत आली नाही. मी तुझ्या हिशेबाने चाललेय. रविवारी शतक संपतंय. सोमवारी मला विचारू नकोस.'

जिन्यातच बसलो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "आज वार कोणता?" त्या म्हणाल्या, "शनिवार." म्हटलं, "नक्की?" त्या जरा मागे सरकल्या.

वर येऊन तिची सगळी पत्रं इस्त्रीच्या फळीवर मांडली आणि पहिल्यांदाच प्रूफ वाचावं तशी वाचली. कॅलेंडर तिला आधी मिळालं होतं. 'दुरुस्ती पाहून हसले' हे आधीचं वाक्य, 'नवं शतक लागायच्या आत' हे त्याच्या नंतरचं. वर्ष एका दिवसाने लांबलं, बरं झालं. टेबल बसेल का. वर्ष संपायच्या आत. सतरा वर्षं मी लोकांच्या चुका शोधतोय आणि पाच पत्रांत लिहिलेलं सरळ वाचता आलं नाही.

छापखान्यात गेलो. मालकांना म्हटलं, "मी उद्यापासून नाही. बायकोच्या गावी जातोय. राहायला."

"आणि २००२?"

"दुसरा माणूस बघा."

मालकांनी चष्मा काढला. "दुसरा कशाला? प्रुफं टपालाने पाठवू. दोन दिवसांत जातात, दोन दिवसांत येतात. त्यात काय मोठंसं?"

"हे चालेल?"

"चालायला काय झालं? तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

दारापाशी नाना हात पुसत उभे होते. "मास्तर, साडेतीन वर्षं तळ्यात-मळ्यात करत होतात ते या टपालापायी?" त्यांनी माझा हात हातात घेतला. शाई लागली. धुतली नाही.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं." मी म्हटलं, "नाही ताई. तू सांगितलंस, मी मानलं. मानायला सोपं होतं." ती म्हणाली, "डबा देऊ का बसमध्ये?"

१ जानेवारी २००१, सोमवार

सकाळ आहे. टेबलाशी बसून लिहितोय.

काल पहिली बस पकडली, ती दहाला सुटते. वाटेत टायर पंक्चर झालं. दीड तास रस्त्याच्या कडेला उभे होतो. सगळे शांत होते, त्यांच्या दृष्टीने साधा रविवार. मी ड्रायव्हरला तीनदा विचारलं, किती वेळ लागेल. तो म्हणाला, "शतक काढणार नाही, बसा."

तिच्या दारात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. दार तिनेच उघडलं. केस बरेच पांढरे झालेत. माझेही तिला तसेच दिसले असणार.

"अजून साडेसहा तास होते," ती म्हणाली.

"बसला उशीर झाला."

"वर्षभर?"

मी बॅग खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. ताई, मसुदे, 'पाठवलंस तरी चालेल'चा लावलेला अर्थ, इस्त्रीची फळी. आधी ती हसली. सांगता सांगता वाटणीच्या टेबलापाशी आलो तेव्हा हसायची थांबली.

"मालकांशी भांडलास," ती म्हणाली. "नानांशी भांडलास. अख्ख्या गावाने फटाके उडवले, तू पाव खाऊन झोपलास. शंभरावी प्रत मोजल्याशिवाय गठ्ठा बांधायचा नाही म्हणून. आणि माझ्या बाबतीत गावाचं ऐकलंस?"

"तू तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"सांगायचं? आधीची अडीच वर्षं दुसरं काय करत होते? हे एक वर्ष, एकदा तरी न सांगता येतोस का, ते बघत होते."

"आणि आलो नसतो तर?"

"उद्या टेबल परत पाठवलं असतं." ती बॅगेकडे बघत होती. "भेटायला आलास की राहायला?"

"राहायला. प्रुफं टपालाने येणार आहेत. मालक म्हणाले, चालेल."

"कधी म्हणाले?"

"काल."

"आणि तू त्यांना विचारलंस कधी?"

"काल."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला, दोन माणसांच्या जेवणाला लागतो त्याहून बराच जास्त. मी बाहेर बसून राहिलो. आत जावं की नाही कळेना. खाटेसमोर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं, मुखपृष्ठ मागे उलटून डिसेंबरचं पान वर केलेलं. एकेक तारीख पेन्सिलीने खोडलेली, नर्स तक्त्यावर खूण करते तशी, बारीक आणि सरळ. एकतीसच तेवढी खोडायची राहिली होती. मी मागची पानं उलटून पाहिली. तारीखन् तारीख खोडलेली होती. एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा.

मग आत गेलो आणि कांदा चिरायला घेतला. तिने सुरी काढून घेतली नाही.

दहाच्या आत झोपलो. शतक आमच्या नकळत लागलं. कुठे फटाका वाजला नाही, समुद्र तेवढा ऐकू येत होता.

आज सकाळी ती ड्यूटीवर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माझा राग अजून गेलेला नाही हां. संध्याकाळी बोलू." मी हो म्हटलं. मग बॅगेतून कपाटात राहिलेली ती पहिली प्रत काढली आणि जुन्या कॅलेंडरच्या जागी टांगली. लाल पेनाने दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. पुठ्ठ्याची घडी उलगडून पाहिली. सोनेरी अक्षरं घासून गेलीत, कोपऱ्यातलं माझं 'छा' तसंच आहे. पुन्हा घडी घालून टेबलाच्या पायाखाली सारली.

तिथली फरशी वेगळी, इथली वेगळी. टेबल अजून थोडं डुगडुगतंय. 'उद्या बघतो' असं लिहायला लागलो होतो. नको. पेन ठेवतो आणि आत्ताच उठतो.